लांब पल्ल्याचा फिल्टर

प्रिय घाईबाई,

परवा तू फोनवर विचारलंस की व्हॅनचं तेल बदलायचं अंतर दुप्पट करायचं तर कुठला फिल्टर घालू, आणि मी गिऱ्हाईक आलंय असं सांगून पटकन फोन ठेवला. गिऱ्हाईक कसलं डोंबलाचं! गॅरेजात मी होते आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरचा टायरवाला कान झाकून घेतो, पण परवा मी थाप मारून पळाले. म्हणून आज बसून नीट लिहिते. सोबतच्या खोक्यात फिल्टर आहे.

आधी कामाचं. नुसतं महागडं सिंथेटिक तेल ओतलं आणि फिल्टर जुनाच साधा कागदी ठेवला, तर काही उपयोग नाही. तेल टिकेल, पण कागद आधीच घाणीने तुंबेल. मग आतली बायपासची वाट उघडते आणि तेल न गाळताच इंजिनात फिरतं. आपल्याला वाटतं, सगळं आलबेल आहे! म्हणून मी कृत्रिम धाग्यांच्या जाळीचा फिल्टर निवडलाय. तो घाण जास्त साठवतो आणि बारीक कणही धरतो. आटे तेच, वाट उघडायचा दाब तुझ्या इंजिनाला सांगितलाय तेवढाच, फक्त डबा बोटभर लांब आहे. डब्याच्या रंगावर जाऊ नकोस, रंगाने काही गाळलं जात नाही. आता तुझी फेरी मोठ्या रस्त्यावरची आहे, म्हणून हे जमेल. गल्लीबोळात दारोदार थांबत पार्सलं वाटत होतीस तेव्हा विचारलं असतंस, तर नाहीच म्हटलं असतं. आणि तेलाची कांडी मधूनमधून काढून बघायची. अंतर वाढवलं म्हणजे बॉनेटला कुलूप लावलं असं नाही.

बसवताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, ते बोट फिरवून बघ. हसू नकोस! तुझं लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि मलाही शिकायचंय म्हणून पदर खोचून तू गाडीखाली शिरलीस. जुनी रिंग तशीच, तिच्यावर नवी. इंजिन सुरू केलं आणि भसाभस सगळं तेल फरशीवर. मी तुमच्या दोघांच्या नावाने शंख केला, आणि माझा लेक त्या तेलात घसरून पडला तो तिथेच बसून हसत राहिला. त्याचं ते हसणं या भिंतींना अजून चिकटलंय असं मला कधीकधी वाटतं.

तो गेल्यावर तू दुसऱ्या शहरात काम धरलंस ते बरंच केलंस. तिथे गॅरेजं नव्हती का? पावलोपावली असतील. पण व्हॅनचं तेल बदलायला तू इतक्या लांब माझ्याकडेच येत राहिलीस. गरम तेल खालच्या पातेल्यात गळत असायचं आणि आपण दोघी उलट्या बादल्यांवर बसून चहा प्यायचो. तेल केव्हाच गळून थांबलेलं असायचं, तरी थेंब पडतोय अजून असं म्हणत दोघीही उठायचो नाही. मग मी जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडायचे, तू डोकं खुपसून धातूची चकाकी शोधायचीस, इंजिन आतून झिजत तर नाही ना म्हणून. त्याच्याबद्दल आपण कधी बोललो नाही. पण तू शेजारी असलीस की मला बरं वाटायचं. तेवढ्यासाठी मी कॅलेंडरकडे बघत असते, हे आता सांगूनच टाकते.

म्हणून तुझा प्रश्न ऐकताच मी मनात तुझ्या फेऱ्या मोजल्या. अंतर दुप्पट म्हणजे तुझं येणं निम्मं. तुझ्या म्हाताऱ्या व्हॅनला हे असले लाड सोसायचे नाहीत, गपचूप वेळेवर येत जा, असं अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण इंजिनाच्या बाबतीत खोटं बोलायला माझी जीभ वळत नाही गं. आणि तुला धरून ठेवायला मी काय तेलाचं निमित्त करू?

आणि फोन ठेवण्याचं कारण वेगळंच होतं. तू बोलत होतीस तेव्हा मागून एका पुरुषाचा आवाज आला, आतली झडप साध्या रबराची आहे की सिलिकॉनची ते विचार म्हणून. तू घाईघाईने हात ठेवलास फोनवर. वेडे, मी ऐकलं. खोटं कशाला सांगू, थोडी रडले. मग चहा केला आणि विचार करत बसले. साधं रबर जास्त दिवस राहिलं की कडक होतं, मग गाडी उभी असताना फिल्टरमधलं तेल खाली उतरतं. हे ज्याच्या ध्यानात येतं तो माणूस उद्याचा विचार करणारा असणार. त्याला सांग, सिलिकॉनचीच आहे. आणि तू मला सांगायला इतकी घाबरलीस कशाला? माझा लेक गेला म्हणून तुझं हसणंही जावं, असं मी कधी म्हटलं होतं का? त्याची गाडी कुठली ते कळव, तिचाही फिल्टर काढून ठेवते. तो मात्र मी पाठवणार नाही. न्यायला दोघांनी यायचं. तिसरी बादली धुऊन उलटी ठेवली आहे.

तुझीच, कालही आणि आताही,
आई