डाव्या हातातली कात्री

धाकट्या,

तू चिडशील या धास्तीने हे पत्र टाकणार नाही, पण लिहिल्याशिवाय घास उतरत नाही. माझी शिवणकामाची वही तू स्वतःच्या नावाने छापलीस. वर म्हणालास, "दादा, वही मला दिलीस ना? मग पुस्तक माझं!" मी चौथी नापास, मला ते खरंच वाटलं.

शेवटी एका वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, वही दिलीत, हक्क नाही. लिहिलंत तेव्हाच तो तुमचा झाला, नोंदणी नसली तरी."

त्या मला पुस्तकाच्या प्रकाशकाकडे घेऊन गेल्या. त्याने तुला बोलावून माझ्यादेखत विचारलं, "वहीतल्या प्रत्येक चित्रात कात्री डाव्या हातात कशी?" तू उजवा, डावखुरा मी; चित्रं कुणाची ते तिथेच उघड झालं.

आज नवी आवृत्ती आली. मुखपृष्ठावर माझं नाव! पुसलं तर जाणार नाही ना, म्हणून बोटाने घासून पाहिलं. गेलं नाही.

तुझा दादा,
लेखक