अब्बांच्या झोपेचे कान

कोल्हापूर
मंगळवार, दुपार

प्रिय तौसीफ,

आज सकाळी दहाला दहा मिनिटं कमी असताना अब्बांनी डॉक्टरांचं बोट दाबलं. सांगितल्यावर दाबलं आणि सोडा म्हटल्यावर सोडलं. भूलतज्ज्ञ डॉक्टर क्रांती यांनी तीनदा करवून घेतलं, मग कागदावर वेळ टाकून लिहिलं आणि मला म्हणाल्या, आता नक्की, तुमचे वडील ऐकतायत. ही बातमी फोनवरही देता आली असती. पण तिच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, आणि फोनवर मला खोटं किती सहज बोलता येतं ते या अकरा दिवसांत कळलंय. म्हणून दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून शाळेच्या वहीत लिहितेय. पानांचे फोटो काढून पाठवीन.

आधी अब्बांचं सांगते. न्यूमोनिया उतरतोय. घशात नळी आहे आणि श्वास यंत्र देतंय. ती नळी सहन व्हावी म्हणून गुंगीचं औषध चालू आहे. गेले चार दिवस सकाळी साडेनऊला ते औषध कमी करून बघतात, माणूस शुद्धीवर येतो का, स्वतः श्वास घेतो का. मी तुला रोज सांगायची, आज जरा अस्वस्थ होते. ते खरं नव्हतं. औषध उतरलं की अब्बा जाळ्यात सापडल्यासारखे तडफडायचे. नळी ओढायला जायचे म्हणून हात बांधले होते. मनगटं बघवत नाहीत. मी कानाशी बोलायची, अब्बा, मी शमशाद, तर आणखी जोरात मान झटकायचे. दहा मिनिटांत पुन्हा औषध वाढवायला लागायचं. काल डॉक्टर म्हणाल्या, असंच चाललं तर गुरुवारी गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी लागेल. बोलणं कधी परत येईल ते तेव्हा सांगता येणार नाही.

तुला आपलं गुऱ्हाळ आठवतं का रे? दुपारी जेवून अब्बा चुलवाणाच्या आडोशाला पोतं टाकून आडवे व्हायचे. शेजारून उसाच्या ट्रॉल्या जायच्या, कुणाच्या लग्नाचा स्पीकर कोकलायचा, चुलवाणावरचा गडी बाळासो जळण टाकताना शिव्या द्यायचा, तरी अब्बा घोरत राहायचे. आणि काहिलीतला रस खदखदायचा थांबून जाड फदफद करायला लागला की ताडकन उठून बसायचे. कुणी हाक मारायला नको. काहील कधी उतरवायची ते गुळव्या ठरवतो, आणि सगळ्या कागलात लोक अब्बांबद्दल सांगायचे, लालासाब गुळव्याच्या झोपंला कान हायती. आपल्या घरात तो कायदाच झाला होता. अब्बा ज्या आवाजानं उठले नाहीत तो आवाज त्यांच्या कामाचा नाही. लहानपणी माझी पाढ्यांची घोकंपट्टी ऐकून ते कधी उठले नाहीत. तू मात्र काठीला लावून काहिलीतला थेंब पाण्यात सोडायचास आणि त्याची गोळी वळली, म्हणजे गूळ तयार झाला, की ओरडायचास, अब्बा, उठा की, गोळी आली! तू ओरडेपर्यंत ते उठलेले असायचे, तरी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, बरं झालं सांगितलंस.

आणि मग तू मोठा झालास, आणि पाळीवर असताना डुलकी लागून तुझी काहील करपली. चार माणसांत ते तुला म्हणाले, तुझ्या झोपंला कान न्हाईत, तू गुळव्या व्हनार न्हाईस. त्यानंतर तू दोह्याला गेलास. सहा वर्षं झाली. मी इथं राहिले. शाळेतली नोकरी, अब्बांची औषधं, त्यांचं पथ्य, गुडघ्यांना तेल. आणि रोज जेवताना ते मला एकच विचारायचे, तौसीफचा फोन आल्ता? माझा दिवस कसा गेला हे त्यांनी सहा वर्षांत विचारल्याचं मला आठवत नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतेय ते कारण म्हणून, सबब म्हणून नाही.

अब्बांना दाखल केलं त्याच संध्याकाळी तू पहिला निरोप बोलून पाठवलास आणि म्हणालास, आपा, कानाशी लाव. मी लावला. अब्बा हलले नाहीत. मग मी मोबाईल खाली ठेवला आणि स्वतः हाक मारली. त्यांची पापणी हलली. तौसीफ, मला आनंद झाला. ते वाचतायत म्हणून नाही. तुझ्या आवाजाला उठले नाहीत आणि माझ्या आवाजाला उठले म्हणून. आपल्या घरच्या कायद्यानं निकाल लागला असं मी ठरवून टाकलं. त्यानंतर तुझे दहा निरोप आले. एकही मी लावला नाही. एकही ऐकला नाही. रोज संध्याकाळी तुला लिहिलं, ऐकवला, शांत झोपलेत. तू निघतो म्हणालास तेव्हाही मीच लिहिलं, येऊन काय करणार, त्यांना काही कळत नाही. एकाच दिवशी दोन्ही लिहिलं होतं. तुझ्या लक्षात आलं नाही, की आलं होतं?

आज सकाळी पाचव्यांदा औषध कमी केलं आणि पुन्हा तेच सुरू झालं. तिथं चिमणामावशी आहेत, रुग्णांचं अंग पुसतात, कूस बदलतात. त्यांनी अब्बांचे पाय धरले होते. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, बाई, रोज ह्या टायमाला तुमच्या पिशवीत कायतरी टुंग वाजतंय. पोराचं असतंय न्हवं? मग लावा की! का मुहूर्त बघताय? डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मोबाईल काढला. घाईत कुठला निरोप लागला तेही कळलं नाही. आधी तुझ्या मागं चाललेलं कुठलं तरी यंत्र ऐकू आलं. मग म्हणालास, अब्बा, उठा की, गोळी आली.

त्यांची मान थांबली. डोळे उघडले आणि मोबाईलच्या बाजूला वळले. मग डॉक्टरांनी बोट हातात दिलं.

नंतर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, गुऱ्हाळाचंही. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बाई, ही झोप नव्हेच. झोपेत मेंदू एक पहारेकरी जागा ठेवतो, तो ओळखीचा आवाज निवडून आत सोडतो. गुंगीत आवाज पहिल्या दारापर्यंत पोचतो, पण अर्थ लागतो त्या खोल्यांपर्यंत निरोप धड जात नाही. औषध उतरताना दारं उघडतात, कुठलं कधी ते सांगता येत नाही. पहिल्या दिवशी पापणी हलली ती नुसतीच हलली असेल. आजही आवाजानं झालं, शब्दांनी झालं, की औषध पुरेसं उतरलं होतं म्हणून झालं, हे मी ठामपणे सांगणार नाही. मी विचारलं, चार दिवसांपूर्वी लावला असता तर? त्या म्हणाल्या, माहीत नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे आज लिहायचं कारण असं. उद्या साडेनऊला औषध पूर्ण बंद करणार आहेत, आणि अब्बा आजच्यासारखे शांत राहिले तर नळी काढणार आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय, मुलालाच फोनवर घ्या. तुझ्याकडं तेव्हा सात वाजलेले असतील. नळी निघाली की अब्बा बोलतील, आज ना उद्या तू त्यांना विचारशील, माझं रोजचं बोलणं ऐकू आलं का, आणि ते नाही म्हणतील. त्यांच्या झोपेला तुझ्यासाठी कान नव्हते, असं तू आयुष्यभर समजशील. ते तसं नव्हतं. मध्ये मी होते. बाकीचे निरोप मी ऐकलेले नाहीत, ते तूच त्यांना सांग. उद्या सात वाजता फोन वाजेल. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मी फक्त मोबाईल त्यांच्या कानाशी धरून उभी असेन.

तुझीच,
शमशादआपा