वाफाळता डबा

सातारा. श्रावणापूर्वीचा अखेरचा रविवार.

आज मित्रद्रोह पाहिला, तोही स्वतःच्या पंक्तीत. कोंबडीचे पंख ओव्हनमध्ये भाजून त्यांवर काकवी, सोया सॉस नि लसणाचा चकचकीत लेप चढवण्याचा संकल्प मी आठवड्यापूर्वीच घोषित केला होता. सौभाग्यवतींनी नाक मुरडले. बालमित्र हणमंता मात्र रहिमतपुराहून फोनवर गर्जला, "तू कर गड्या, मी हाय तुझ्या बाजूनं!" काकवीही त्यानेच धाडली.

पंख ताटात अवतरले. काय ते तेज! मेहुण्याने विचारले, "आवं दाजी, रस्सा कुठं हाय?" गोड-खारट समन्वयावर मी निरूपण आरंभणार, तोच हणमंताने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. कांदा-लसूण मसाल्याचा तांबडा रस्सा, वाफाळता. माझा पंख त्यात बुचकळून म्हणतो, "आता कसं, लय भारी!" सर्वांनी अनुकरण केले. लेप धुऊन निघाला.

म्हणजे हा गृहस्थ माझ्या पराभवाची सिद्धता करूनच घरून निघाला होता! तेही एक वेळ क्षम्य. पण तो डबा... रहिमतपुराहून दुचाकीवर आलेला रस्सा वाफाळता कसा? कुणीतरी तो इथेच तापवला. ओव्हनपुढे मी तपश्चर्येस बसलो होतो. गॅसपुढे कोण होते?

सौभाग्यवती आत्ताच निरागसपणे विचारून गेल्या, "अहो, हणमंतभावजींचा डबा मोकळा कसा पाठवायचा? काय घालू त्यात?"

मी म्हणालो, "उरलेली काकवी. आणि तापवू नका."