केमिस्ट्रीचा पेपर

२६ मार्च १९५६, मुलुंड
गणिताचा दुसरा पेपर. वाट लागली. बाहेर आल्यावर दत्ताशी उत्तरं ताडून पाहिली, चार जुळेनात. दत्ता वर्गात पहिला, म्हणजे चूक माझीच. घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. सांगायला नको होतं.

२७ मार्च
अण्णांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकून माझे अंदाजे मार्क पेन्सिलीने मांडले. सेकंड क्लास. तेवढ्यावर इंजिनिअरिंगवाले दारात उभं करत नाहीत, आणि एकदा पास झालं की इंटरच्या परीक्षेला परत बसता येत नाही. नापासाला मात्र येतं. तेव्हा अण्णांचं ठरलं, उरलेला केमिस्ट्रीचा पेपर बुडवायचा, पुढल्या वर्षी फर्स्ट क्लास काढायचा. वर्गातले आणखी तिघे हेच करताहेत. मी म्हटलं, बसतो, होईल ते होईल.
अण्णा म्हणाले, "मीही बसलो होतो. सेकंड क्लास आला. जन्म टाइपरायटरपुढे गेला."


२८ मार्च
अकराला पेपर सुरू झाला असेल. मी पाटावर आमटीभात जेवत होतो. आई वाढत होती. संध्याकाळी दत्ता पेपर घेऊनच आला. सगळा येत होता मेला.

१४ जून
मार्कांचा कागद आला. केमिस्ट्री, गैरहजर. गणित एक्याऐंशी. दत्ताला चौसष्ट. म्हणजे ती चार उत्तरं माझीच बरोबर. केमिस्ट्रीत काठावर सुटलो असतो तरी फर्स्ट क्लास होता.
अण्णांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. परत मागायची हिंमत नाही.

२ ऑगस्ट
दत्ता इंजिनिअरिंगला लागला. यादीत शेवटून तिसरा. हल्ली मागच्या गल्लीने जातो, हातातला ड्रॉइंगचा टी-स्क्वेअर मला दिसू नये म्हणून. हा चांगुलपणा जास्त झोंबतो. राग येतो. अण्णांचाही येतो. इथे लिहितो, बोलणार नाही.

९ जानेवारी १९५७
येत्या जूनमध्ये अण्णा निवृत्त. आईने सरळच सांगितलं, यंदा शेवटचं, नाहीतर नोकरी धर.
कोट धोब्याकडे देताना अण्णांनी तो कागद काढला, परत आल्यावर पुन्हा खिशात ठेवला. मी पाहिलं.

२५ मार्च
गणिताचा दुसरा पेपर. गेल्या वर्षीपेक्षा वाईट गेला असं वाटतं. पण तेव्हाही असंच...
उत्तरं कुणाशी ताडली नाहीत. पूर्वी अण्णा दारातच विचारायचे. आज नाही. चहा झाल्यावर माझं पेन घेतलं, धुतलं, शाई भरली. थोडी बोटांवर सांडली. पुसत पुसत म्हणाले, "परवा केमिस्ट्री ना?"
मी हो म्हटलं. पेपर कसा गेला तेही सांगितलं, खरं तेच.
पेनाला टोपण लावून ते माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, "तूच ठरव."
आयुष्यात पहिल्यांदा असं म्हणाले. आणि आज, पेपरला बसू की नको, ते मला त्यांनी सांगायला हवं होतं.