करोडगिरी नाक्यावरचा पुकारा

सोमवार, १३ जानेवारी १९७५

प्रिय सूर्यभानदादास,

सत्यशीलाचा मनापासून जयभीम. लक्ष्मीवहिनींनाही सांग. आधी तुझा घसा कसा आहे ते कळव. कोर्टात दिवसभर पक्षकारांची नावं पुकारायची म्हणजे काही गंमत नाही. मिठाच्या गुळण्या करत जा आणि भजी सोड. (वहिनींचं ऐकत नसशील तर नर्सचं तरी ऐक.) इकडे बाबांची तब्येत उत्तम. थोडा खोकला आहे, तो थंडीचा.

आता माझ्या नोकरीचं. गावात नवा दवाखाना झाला म्हणून तू परभणीत पेढे वाटलेस, पण तो नवा नाही हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. गावाबाहेरचा निजामाच्या काळातला करोडगिरी नाका आठवतो ना, जिथे गाड्या अडवून मालावर जकात घ्यायचे? वीस वर्षं तिथे वटवाघळं आणि शेळ्या नांदत होत्या. सरकारनं त्याचाच दवाखाना करायचं ठरवलं. ठेकेदार बन्सीधरशेठनं शेळ्या हाकलल्या, चुना मारला आणि वटवाघळांकडे काणाडोळा केला. कमानी आणि दगडी भिंती त्यानं शाबूत ठेवल्या (जुन्या कामाच्या आदरापोटी नव्हे, पहारीनं फुटेनात म्हणून). माल तोलायच्या काट्याचा छतातला आकडा इतका पक्का निघाला, की त्याला आता आम्ही सलाईनची बाटली टांगतो. जकात चुकवणाऱ्यांना डांबायच्या कोठडीचा बायकांचा वॉर्ड झाला. तिचं गजांचं दार मात्र तसंच आहे, कारण कुणीतरी आधीच कागदावर 'दारे सुस्थितीत' असं लिहून बसलं होतं. दगडाबाई तिथेच बाळंत झाली. तिचा नवरा भुजंग रोज गजांमधून भाकरी द्यायचा आणि हात जोडून मला विचारायचा, "शिस्टरबाई, हिनं केलं तरी काय? कवा सोडायलाव हिला?"

येणारा प्रत्येक जण, पोटदुखीचा असो की नायट्याचा, पायरीखाली चपला काढतो, पिशवी झुडपात लपवतो आणि वर येऊन खोटं नाव सांगतो. या इमारतीत नाव लिहून घेतलं की काहीतरी भरावं लागतं, हे गावाला पक्कं ठाऊक. परवा मी केसपेपर घेऊन 'पंचफुला' म्हणून तीनदा ओरडले, कुणी उठेना. पंचफुला समोरच कण्हत बसली होती. सांगितलेलं नाव ती स्वतःच विसरली होती! शेवटी शेजारणीनं तिला ढोसलं, "अगं ऊठ की, तूच हायस ती." आमचे डॉक्टर शहरातले. या भागात विसरण्याची साथ आहे, असा त्यांनी वर अहवाल पाठवलाय.

एकूण मजेत आहोत. काळजी नसावी.

तुझी धाकटी बहीण,
सत्यशीला

ता. क. : वरचं पत्र बाबा समोर बसून वाचून घेत होते. आता ते सरपण आणायला गेलेत, म्हणून खरं लिहिते. खोकला थंडीचा नाही. त्यांची थुंकी मी सेलूला नेऊन तपासली. टीबी आहे. नव्वद सुया घेतल्या तर बरे होतील, असं डॉक्टर म्हणतात. पण ही सुई कुणाकुणाला सोसत नाही, म्हणून पहिली तरी दवाखान्यात खाटेवरच द्यायची. आणि बाबा पायरी चढत नाहीत! रोज माझ्याबरोबर येतात आणि लिंबाखाली बसतात. त्यांच्या लहानपणी नाक्यावरचे लोक वेठीला धरून त्यांच्याकडून हे अंगण झाडून घ्यायचे, पण पायरीला पाय लावू द्यायचे नाहीत. वीस वर्षं शेळ्या वर-खाली करत होत्या, बाबा नाही. मी भांडले, रडलेसुद्धा. म्हणाले, "पुकारा झाला की येतो. तिथून मला नावानं कुनी बोलावलंच न्हाई." कंपाउंडर सितारामनं 'ए तात्या' म्हणून हाक मारली, तर म्हणाले, हे अर्धंच हाय.

मी पुकारावं, तर मुलीनं बापाचं नाव कसं घ्यायचं? मुलानंही घेऊ नये, पण तुझी तर ती नोकरीच आहे. तेव्हा दादा, येत्या रविवारी पांढरा कोट आणि लाल पट्टा घालून ये. दवाखाना मी उघडते. वरच्या पायरीवर उभा राहा आणि कोर्टात पुकारतोस तसं तीनदा पुकार : तात्याराव लिंबाजी वाव्हळे, हाजिर हो!

आणखी एक : तुला बोलावतेय हे बाबांना मी सांगितलेलं नाही. पण आत्ता मोळी टाकता टाकता त्यांनी विचारलं, "सूर्यभानचा घसा कसाय, ते नीट इचारलंस ना?" धुतलेलं धोतर परवापासून घडी करून उशाला ठेवलंय. नेसत नाहीत.