नववीत अकरावीची केमिस्ट्री

प्रिय शिवकन्या,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. आईची कंबर आता बरी आहे आणि समोरच्या सुमनबाईंच्या घरी पाळणा हलला, मुलगी झाली. तुमच्या मेसमधल्या कुसुमबाई दर सोमवारी माझ्याच गाडीनं परभणीला येतात, त्यांच्या हाती हे पत्र देतोय. फोनवर बोललो असतो, पण रविवारचा तो होस्टेलचा फोन, तुझ्यामागं पोरींची रांग आणि शेजारी रेक्टर मॅडम. मला असं घाईत मनातलं बोलता येत नाही. दिवसभर "पुढं सरका, सुट्टे द्या" एवढंच बोलणारा कंडक्टर मी. म्हणून आता दुपारी गंगाखेड स्टँडवर गाडी लागलीय, प्रवासी चढायला वेळ आहे, तर मागच्या सीटवर बसून लिहायलोय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तुझ्या शाळेनं नववीतल्या दोघा-चौघांना निवडून अकरावीच्या मुलांबरोबर केमिस्ट्रीच्या तासाला बसवायचं ठरवलं आणि त्यात तुझं नाव आलं, हे तू सांगितलंस तेव्हा खरं सांगतो, पहिल्यांदा मला काही कळलंच नाही. अकरावीचं नववीत कसं काय, असंच वाटलं. मग छाती फुगली. मग भीती वाटली. हे तिन्ही एका फोनमध्ये झालं. मी तुला विचारलं, "तुला काय वाटतं?" तर तू म्हणालीस, "तुम्ही म्हणाल तसं, पप्पा." आणि फोन दुसऱ्या पोरीच्या हातात गेला.

त्या वाक्यानं मला लय छळलं. कारण तू तसं म्हणणारी पोर नाहीस. दप्तर निळं घ्यायचं का हिरवं, यावरून तू भर दुकानात माझ्याशी भांडलेली आहेस. होस्टेलला जायचं तूच ठरवलं होतंस, आम्ही नुसते तुझी पेटी उचलून मागं आलो. आणि आता एवढ्या मोठ्या गोष्टीत "तुम्ही म्हणाल तसं"? मी काय म्हणणार होतो? माझी केमिस्ट्री दहावीला संपली, तीही काठावर.

तुझ्या आईचं मात्र ठरलेलं होतं. फोन ठेवायच्या आतच तिचा होकार होता. तुला माहीत आहे, तिची दहावी झाली आणि लग्न झालं. तू वर्षाची होतीस तेव्हा तिनं बाहेरून बारावीची परीक्षा दिली. तू माझ्या मांडीवर रडायचीस आणि ती आत पेपर लिहायची. पण बाहेरून बसणाऱ्याला सायन्स मिळत नाही, म्हणून तिनं आर्ट्स घेतलं. हे ती कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला सगळं उशिरा मिळालं. तिला लवकर मिळायलंय तर मिळू द्या की."  मी जेवून उठलो. दुसऱ्या दिवशी सुमनबाईंपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना माहीत झालं की सविताची पोरगी नववीतच अकरावीला बसणार.

मी आपला लोकांना विचारत फिरलो. बजरंग ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, "परमेश्वरभाऊ, गाडी आधी पहिल्या गिअरला उचलावी लागती. एकदम वरचा गिअर टाकला की इंजिन बंद पडतंय. पोरीला नववीचं नववीत शिकू दे." मला ते पटलं. तासाभरानं डेपोतल्या साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "वेडे आहात का? लोक अशा संधीसाठी लाईन लावायलेत. पुढच्या परीक्षांना तिला किती सोपं जाईल." मला तेही पटलं. हीच माझी अडचण आहे, शिवकन्या. जो बोलंल त्याचं मला पटायचं. पोखर्णीला पोचेपर्यंत माझा होकार असायचा आणि परत येताना नकार.

मनिषा नावाची एक पोरगी रोज दैठण्याला चढते, परभणीला बी.एस्सी. करते. तिच्या मांडीवर केमिस्ट्रीचं जाड पुस्तक दिसलं. तिकिटं झाल्यावर मी तिच्याशेजारी टेकलो आणि म्हणलो, यातलं मला एक पान समजावून सांग, माझी पोरगी हे शिकणार आहे. तिला हसू आलं, पण तिनं मनापासून सांगितलं. डझन म्हणजे जसे बारा, तसा मोल म्हणजे एक आकडा. केवढा, तर त्याच्यापुढं शून्यंच शून्यं. मी म्हणलो, एवढं मोजलं कोणी? ती म्हणाली, "काका, मोजत न्हाईत, वजनावरून काढतात." क्षणभर मला खरंच कळलं होतं बघ. आनंद झाला. मग पुढचा थांबा आला, माणसं चढली, आणि परत बसलो तोपर्यंत सगळं डोक्यातून गेलं होतं. उतरताना मी तिला विचारलं, हे नववीत जमंल का? ती म्हणाली, "जमंल. पण तिला आवडतंय का?"

हा प्रश्न मला आधी सुचला नव्हता. तुझ्या आईला, बजरंगला, साहेबांना, कुणालाच सुचला नव्हता. मी घरी येऊन तुझ्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "आवडत नसतं तर नंबर कसा लागला असता?" आणि मी परत गोंधळलो. कारण मला दोडक्याची भाजी आवडत नाही, पण मी ती चांगली करतो.

तेवढ्यात तुमच्या केमिस्ट्रीच्या कच्छवे सरांचा फोन आला. म्हणाले, "एकदा या, तास बघा, मग आपण बोलू." मला वाटलं, सगळ्याच पालकांना बोलावत असतील. बुधवारी सकाळची ड्युटी दुसऱ्याला दिली आणि आलो. खाकी कपड्यातच आलो, कारण तिथून सरळ डेपोत जायचं होतं. तुला मला बघून लाज वाटली असेल तर सांग, पुढच्या वेळी साधा शर्ट घालीन. मागच्या बाकावर कडेला बसलो तेव्हा कळलं, पालक मी एकटाच होतो. अकरावीची ती दाढी फुटलेली पोरं वळून वळून बघत होती. त्यांना वाटलं असेल, डेपोनं एस.टी.चा पास तपासायला माणूस पाठवला. तुलाही सरांनी त्या दिवसापुरतं तासाला बसवून घेतलं होतं.

सरांनी परीक्षानळीत निळे खडे घातले. मी लगेच ओळखले, मोरचूद! आपल्या मोसंबीवर मी ते वर्षानुवर्षं फवारलंय, हातांची बोटं निळी करून घेतलीत. सरांनी नळी तापवली आणि तो निळा रंग जाऊन खडे पांढरे पडले, नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब धरले. कोरड्या खड्यात पाणी असतं हे मला त्या दिवशी कळलं. मग सरांनी त्यावर वरून पाण्याचा थेंब सोडला आणि पांढरं होतं ते परत निळं झालं. मी तेव्हा नळीकडं बघत नव्हतो. तुझ्याकडं बघत होतो. तुझं तोंड उघडं राहिलं होतं. तू तीन-चार वर्षांची असताना गोदावरीच्या घाटावर पाण्यात सोडलेले दिवे बघायचीस ना, अगदी तशी. मी मनात म्हणलो, झालं. ठरलं. हिला आवडतंय.

मग सरांनी तुला फळ्यावर बोलावलं आणि त्या खड्यात किती पाणी होतं याचं गणित करायला सांगितलं. तू पटापट लिहिलंस, कुठंही न अडता. उत्तर बरोबर आलं, सर "शाब्बास" म्हणाले, आणि मी टाळी वाजवायला हात उचललेले, कुणीच वाजवत नाही बघून परत मांडीवर ठेवले. पण गणित करताना तुझे खांदे कानाला लागले होते. मान ताठ झाली होती. तू जागेवर येऊन बसलीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर शाब्बासकीचा आनंद नव्हता, सुटल्याचा होता. फवारणी झाली की पाठीवरचा पंप उतरवताना माझा असतो तसा. मधल्या बाकावरचा एक जण काहीतरी बोलला आणि दोघं-तिघं हसले. तुझ्यावर हसले का आणखी कशावर, मला कळलं नाही. तुला कळलं असेल.

तास सुटला. बाहेर मैदानावर तुझ्या वर्गातल्या पोरी खो-खो खेळत होत्या आणि त्यातली राजेश्री तुला हाका मारत होती. तू पळत खिडकीपाशी गेलीस, हात हलवलास. मला वाटलं, आता जाईल. तर तू परत आलीस आणि त्या नळीपाशी उभी राहिलीस, ती उजेडाला धरून बघितलीस. मग परत खिडकीकडं बघितलंस. मी दारात उभा राहून हे बघत होतो आणि मला काही म्हणता काही उमगंना. तू माझ्याजवळ आलीस आणि विचारलंस, "पप्पा, जेवलात का?" मी म्हणलो, जेवलो. जेवलो नव्हतो. तू म्हणालीस, "कसा वाटला तास?" मी म्हणलो, चांगला. आणि तू मैदानाकडं गेलीस. बापलेकीचं एवढं बोलणं झालं.

त्यानंतरचं तुला माहीत नाही, आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र. तू गेल्यावर सरांनी मला स्टाफरूममध्ये बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "तुमची मुलगी हुशार आहे. तिला यायचंय, पण वडील नको म्हणतात असं तिनं मला सांगितलं. म्हणून तुम्हालाच बोलावून घेतलं."  मी कधी नको म्हणलो? मी तर अजून काहीच म्हणलेलं नव्हतं. तोंडावर आलं होतं, सर, काहीतरी चुकतंय. पण डोळ्यांसमोर तुझे ते खांदे आले, आणि मी म्हणलो, "हो सर. मीच नको म्हणलो." मग सरांनी मला चांगलंच सुनावलं. मुलींना मागं ठेवू नका म्हणाले, काळ बदललाय म्हणाले, एस.टी.त रोज एवढी माणसं बघता तरी तुमचे विचार असे कसे, असंही म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं. शेवटी म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिची जागा ठेवतो. विचार करा." मी हो म्हणून उठलो. शिवकन्या, तू तसं का सांगितलंस ते मी विचारत नाही. भीती वाटली असेल, खेळ सोडवत नसेल, आईचं मन मोडवत नसेल, नाहीतर तुलाही माझ्यासारखंच कळत नसेल आणि तू वेळ काढत असशील. तुला नको असेल तर माझं नाव खुशाल पुढं कर, सरांपुढं आणि घरीही. आईला मी सांगीन की मीच नको म्हणलो. ती चार दिवस बोलणार नाही, पाचव्या दिवशी चहा देईल, ते माझं मी बघून घेतो. आणि तुला हवं असेल तर सरांना एवढंच सांग की पप्पांचं मन वळलं. त्यांना वाटंल, आपण एका अडाणी बापाला सुधारलं, त्यांचाही दिवस चांगला जाईल. मला यातलं कोणतं व्हावं असं वाटतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि आता मी ठरवायचं सोडून दिलंय. बजरंग हॉर्न वाजवायलाय, गाडी भरली. निघतो.

तुझाच,
पप्पा