ताडालाचं नाव कुठे घालायचं

चिम्वाला गाव,
११ ऑगस्ट

चि. एस्नाट आणि शेजारी बसून हे ऐकणारे आमचे जावई लेव्ही,

तुम्हा दोघांना, आणि पोरांच्या शाळेपायी दर काही वर्षांनी चूल उचलावी लागणाऱ्या तुमच्यासारख्या सगळ्याच आईबापांना, माझा नमस्कार. माणूस पाण्यासाठी गाव सोडतो ते समजतं. पण एका बऱ्या मास्तरासाठी बिऱ्हाड पाठीवर घ्यावं लागणं हा अन्याय आहे, आणि तो आपण नशीब म्हणून गिळतो.

इथे सगळे बरे आहेत. मका कणगीत गेला. आईच्या थडग्याभोवतीचं गवत काढून घेतलं. लेव्ही, तुमचा गुडघा कसा आहे? तंबाखूचा मळा बंद होतोय आणि त्याबरोबर मळ्यावरची शाळाही, हे कळलं. फोनवर बोलता आलं असतं. पण एस्नाट, फोनवर तू "हो दादा" म्हणतेस आणि मग मी बोलतच सुटतो. म्हणून लिहितो आहे.

तू विचारलंस की आता इकडे गावी यायचं, की झोम्ब्याला लेव्हीच्या बहिणीकडे. पोरांच्या बाबतीत बापाआधी मामाचा शब्द, ही आपली रीत. लेव्हींनी ती कधी मोडली नाही, हे मी विसरत नाही. म्हणूनच तुझा निरोप आला त्याच आठवड्यात मी गावच्या सभेत उभा राहिलो आणि सांगून टाकलं की माझी भाची ताडाला, मळ्यावर सातवीत पहिली आलेली पोरगी, आपल्या शाळेत आठवीला येणार. "शेत नापीक झालं म्हणून कुणी शेत पाठीवर घेऊन पळत नाही," मी म्हणालो, "त्याला खत घालतात. शाळा रिकामी करून शाळा सुधारत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शहरात जायला निघालेल्या दोन घरांनी सामान परत सोडलं.

यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. पण सभेनंतर आठवीच्या वर्गात जाऊन बसलो होतो, ते तुला सांगायला हवं. एकशेबारा पोरं आणि एक मास्तर. मागच्या रांगेतल्या मुलीला मी विचारलं, फळ्यावर काय लिहिलंय. ती म्हणाली, इथून दिसत नाही, पण पाठ आहे. गेल्या पाच वर्षांत या वर्गातून आठवीची परीक्षा देऊन माध्यमिक शाळेसाठी दोन मुली निवडल्या गेल्या. दोन.

मग मिनीबसने झोम्ब्याला गेलो, लेव्हींच्या बहिणीच्या घराजवळची शाळा बघायला. शाळा कशी आहे हे हेडमास्तरांना विचारू नये, फाटकाशी मांदासीची गोड भजी तळणाऱ्या बाईला विचारावं. मी दोन मांदासी घेतल्या आणि विचारलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "कसली शाळा, आजोबा? सुट्टीवाचून एक पोर बाहेर सुटत नाही. माझा धंदा बसवलाय या मास्तरणींनी." इतकी चांगली तक्रार मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

तरी परत येताना मी मनातल्या मनात भाषणच जुळवत होतो, ताडालाने इथेच का यावं याचं. तू म्हणशील, दादाला सवय आहे.

रविवारी रूथ आली होती. बाळ पाठीला बांधलेलं, दुसरं पोटात. माझी लेक एकोणीस वर्षांची आहे एस्नाट, आणि मी तुला लिहिताना तिच्याविषयी कधी दोन ओळींवर लिहीत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तिने ताडाला येणार हे ऐकलं होतं. शेंगा सोलता सोलता, मान वर न करता तिने विचारलं,

"बाबा, ताडालाची सभासुद्धा तुम्हीच जिंकलात का?"

मी शेंगा सोलत राहिलो.

तुला मी लिहिलं होतं की रूथला शिकायचंच नव्हतं. ते खोटं होतं. ती सातवीत असताना तू तिला मळ्यावरच्या शाळेसाठी मागितलं होतंस. तिचा निर्णय माझा नव्हता, तिच्या मामाचा होता, आणि ग्रेशम तयार होता. त्याने तिच्यासाठी पेटीही आणली होती. मीच त्याच्या अंगणात चार म्हातारे जमवले आणि तासभर बोललो. गावच्या शाळेच्या पुढाऱ्याचीच पोर गाव सोडून गेली तर लोक काय म्हणतील, हा माझा मुद्दा. ग्रेशम साधा माणूस. शेवटी म्हणाला, "भावजी, तुमच्यापुढे मला बोलता येत नाही." मी ते विजय म्हणून घरी आणलं. रूथ आठवीच्या परीक्षेला दोनदा बसली, दोनदा तिची निवड झाली नाही, आणि सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. पेटीत आता बाळाचे कपडे आहेत.

शाळेसाठी लढायचं मी सोडणार नाही. दुसरा मास्तर मिळेपर्यंत शिक्षण कचेरीच्या पायरीवर बसेन. पण ती लढाई माझ्या आयुष्याने लढायची, ताडालाच्या वर्षांनी नाही. शनिवारी सभेत उभा राहून हे मी स्वतः सांगणार आहे, रूथचं नाव घेऊन. थांबलेल्या दोन घरांनाही सांगणार आहे. टाळ्या पडणार नाहीत.

म्हणून मामाचा शब्द म्हणून नीट ऐका. तुझ्या वाटचं शेत मी कसेन, पीक तुझंच. गावाकडे निघू नका. येत्या सोमवारी सकाळी, कुणाचीही वाट न बघता, माझीसुद्धा नाही, ताडालाला घेऊन झोम्ब्याच्या त्या शाळेत जा आणि आठवीत तिचं नाव घाला.

तुझा दादा नव्हे, आज फक्त
रूथचा बाप,
वायसन